समुद्राला बांध नाही

(जयगड येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेले व्याख्यान)



शास्त्री नदी जेथे समुद्राला मिळते, त्या जयगडच्या खाडीवर आज दोन अर्थव्यवस्था समोरासमोर उभ्या आहेत. एकीकडे २००९ साली सुरू झालेले खाजगी बंदर आणि १२०० मेगावॅटचे कोळशावरील वीजकेंद्र. दुसरीकडे खारवी, भंडारी, दालदी यांच्या होड्या आणि ओहोटीला तिसऱ्या-कालवे वेचणाऱ्या स्त्रिया. पहिलीचा नफातोटा ताळेबंदात मांडला जातो. दुसरीचे नुकसान कोणत्याही वहीत चढत नाही आणि जे वहीत नाही ते झालेच नाही, असे समजण्याची आपल्या नियोजनाची जुनी खोड आहे.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मासेमारीला शेतीचा दर्जा दिला. कर्ज, वीज, विमा यांत शेतकऱ्याला मिळते ते मच्छीमाराला मिळावे, ही मागणी न्याय्यच होती. परंतु शेत आणि समुद्र यांत एक मूलभूत फरक आहे. शेताला बांध असतो. शेतकऱ्याने खत घातले तर पीक त्याच्याच शेतात वाढते. समुद्राला बांध नाही. तेथे स्वस्त भांडवलाने मासा वाढत नाही. वाढते ती मासा ओढून काढण्याची शक्ती.

कॅनडातील अर्थशास्त्रज्ञ स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये हे सूत्ररूपाने मांडले. खर्च भागून चार पैसे उरतात तोवर समुद्रात नव्या नौका उतरत राहतात आणि अखेरीस सर्वांचाच वाढावा नाहीसा होतो. ज्या जमिनीला धनी नाही, तिचा खंड कोणाच्याच हाती लागत नाही. मात्र हा तोटा सर्वांना सारखा वाटला जात नाही. मोठे इंजिन असलेला पर्ससीनवाला दूर जाऊन थवा घेरतो. छोट्या होडीला दूर जाता येत नाही.

यावर उपाय दोनच, असे सांगितले जाते: खाजगी मालकी किंवा सरकारी दंडुका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी तिसरा मार्ग दाखविला आणि त्याबद्दल त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सामायिक साधनसंपत्ती वापरणारे लोक स्वतःच नियम करून ती राखू शकतात. कोकणाला हे नवे नाही. रापणीत जाळ्याचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो. त्यात भांडवलाला मान आहे, पण श्रमाला डावललेले नाही.

कायद्यांची वाण नाही. राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध आले. २०१७ मध्ये केंद्राने प्रखर दिव्यांच्या मासेमारीस बंदी केली. २०२३ मध्ये राज्याने ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरविले. उणीव आहे ती अंमलबजावणीची. गस्तीची नौका एक दिवस येते. मच्छीमार रोज समुद्रावर असतो. म्हणूनच देखरेखीचा अधिकार त्याच्या सहकारी संस्थेकडे हवा.

पर्ससीन नौकेवर राबणारा खलाशीही श्रमिकच आहे, हे विसरून चालणार नाही. नौका कमी करायच्या तर त्याच्या रोजीची तरतूद आधी हवी. अन्यथा धनी दुसऱ्या धंद्यात जाईल आणि उपासमार खलाशाच्या वाट्याला येईल.

तात्पर्य, कार्यकर्त्यांनी तीन मागण्या धरून बसावे. पहिली, सवलतींचा ओघ छोट्या होडीकडे वळवावा. मोठ्या नौकेला त्या द्यायच्याच, तर जाळे, हंगाम व दिवे यांचे नियम पाळण्याच्या अटीवर द्याव्यात. दुसरी, खाडीत गाळ उपसण्यापूर्वी किंवा भराव टाकण्यापूर्वी कांदळवन आणि चिखलपट्ट्या यांचे मोल प्रकल्पाच्या खर्चात धरावे, कारण अनेक माशांची पिल्ले तेथेच वाढतात. तिसरी, नुकसानभरपाईच्या यादीत होडीच्या मालकाबरोबरच तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रीचेही नाव असावे. तिच्याकडे सातबारा नाही, होडीचा परवानाही नाही. पण खाडी मेली तर तिची चूल सर्वांत आधी विझते.