वाहतूक कामगारांची छायाचित्रे पाहताना



या छायाचित्र स्पर्धेचा एक परीक्षक म्हणून मी दोन शब्द बोलणार आहे. बँकेत सह्या पडताळणे हे माझे रोजचे काम. बारकाईने पाहण्याची सवय आहे, एवढेच.

थकलेल्या हमालांचे चेहरे पुष्कळ आले. फोटो देखणे आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु त्या माणसाला कोणी विचारले होते का? बहुतेकांच्या मागे ‘एक हमाल’ एवढेच लिहिलेले. जॅक डेलानो यांनी 1943 मध्ये अमेरिकेत, आयोवातील क्लिंटन येथे, रेल्वे इंजिने धुणाऱ्या-पुसणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे घेतली. महायुद्धामुळे ही कामे स्त्रियांकडे आली होती. डेलानो यांच्या नोंदींत कित्येकींची नावे आहेत; एक तीन मुलांची आई आहे, हेही लिहिलेले आहे.

मी पहिला क्रमांक रेल्वेच्या किमॅनला सुचविला. फोटो जरा तिरपा आहे. पण रुळाची सैल चावी तो हातोड्याने ठोकून बसवीत आहे, शेजारी पाना आणि लाल निशाण. ही चावी निसटली तर काय होईल, ते सांगावे लागत नाही. मागे विद्यार्थिनीने त्याचे नाव लिहून ‘विचारून घेतला’ अशी नोंद केली आहे. माझ्या सहपरीक्षकांना सूर्यास्तातील बसचालक आवडला. त्यात चालक कोठे आहे? नुसती काळी आकृती!

निकाल दोन विरुद्ध एक लागला. किमॅन दुसरा आला. त्याच्या फोटोची एक प्रत त्याच्या घरी पोचवावी, एवढी आयोजकांना विनंती आहे.