हॅमर कोणाच्या हातात होता?



  या अधिवेशनाच्या अध्यक्षाने काँक्रीट तपासणीच्या नव्या तंत्रांचा आढावा घ्यावा असा आपला प्रघात आहे. रडार, इम्पॅक्ट इको, ड्रोनवरचे थर्मल कॅमेरे, फोटोवरून तडे शोधणारी सॉफ्टवेअर या सगळ्यांबद्दल छापील भाषणात लिहिलं आहे, ते सवडीने वाचावं. इथे उभं राहून मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायची संधी मी फार वर्षं शोधत होतो.

आपल्या अहवालांत मोजणाऱ्याचं नाव नसतं.

सल्लागाराची सही असते, शिक्का असतो, यंत्राचा मॉडेल नंबरसुद्धा असतो. पण परांचीवर चढून ज्याने कॉलमवर उसळीवरून काँक्रीटची ताकद अजमावणारा रिबाउंड हॅमर टेकवला, यूपीव्हीचे, म्हणजे काँक्रीटमधून जाणाऱ्या ध्वनिलहरींचा वेग मोजणाऱ्या यंत्राचे, दोन्ही प्रोब ग्रीस लावून ज्याने दाबून धरले, तो मुलगा कोण, त्याला हे काम कोणी शिकवलं, याचा कागदावर मागमूस नसतो. वेल्डिंगचे सांधे तपासणाऱ्याकडे आपण लेव्हल दोनचं प्रमाणपत्र मागतो आणि अहवालावर त्याचं नाव लिहून घेतो. माणसं राहतात त्या इमारतीचं काँक्रीट मात्र कोणीही मोजलेलं आपल्याला चालतं.

हात बदलला की आकडा बदलतो. स्लॅबच्या खालून हॅमर वर धरला की परतणाऱ्या वजनाला गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते आणि आकडा वाढतो. कोन नोंदवलाच नसेल तर तो दुरुस्त कशाच्या आधारावर करणार? जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनने कडक झालेला असतो, आणि टोकाच्या वेळी त्यामुळे ताकदीचा अंदाज 50 टक्क्यांपर्यंत फुगू शकतो, असं भारतीय मानक आयएस 13311 च्या दुसऱ्या भागात 1992 सालीच छापलं होतं. एरवीही अंदाजात 25 टक्के कमी-जास्त धरा, असं त्याच मानकाने सांगितलं. तरीही आपण दशांश चिन्हापुढे दोन-दोन आकडे लिहून देतो, आणि त्या आकड्यांवर कुटुंबांना घराबाहेर काढलं जातं.

सकाळी हॅमर, यूपीव्ही की दोन्ही एकत्र, यावर जोरदार चर्चा झाली. माझ्यापुरता तो वाद मुंबईच्या एका उपनगरात कधीच मिटला. तीस वर्षं उलटून गेलेली इमारत, म्हणून मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 353 ब खाली तपासणी झालेली. अहवाल दोन. पहिल्यात सी-1, म्हणजे रिकामी करून पाडा. दुसऱ्यात सी-2 बी, म्हणजे रहिवासी राहत असतानाच दुरुस्ती करा. चाचण्या दोन्हीकडे त्याच. काही रहिवाशांनी मला बोलावलं. माझ्यासोबत आमच्या प्रयोगशाळेतले एक जुने तंत्रज्ञ होते. त्यांनी यंत्राची पेटी उघडलीच नाही. तळमजल्याच्या कॉलमांवरून नुसता तळवा फिरवत गेले आणि म्हणाले, "साहेब, गिलावा कुठेच काढलेला नाही. कशावर मारलाय हॅमर?"

पहिल्या अहवालात गिलावाच मोजला होता. शिवाय यूपीव्हीचे दोन्ही प्रोब एकाच बाजूला ठेवले होते. अशा मापनात वेग 5 ते 20 टक्के कमी येतो, पण निकाल लावताना तक्ता वापरला समोरासमोरच्या मापनाचा. सेकंदाला 3 किलोमीटरच्या वर असलेलं काँक्रीट त्यामुळे खाली घसरून 'शंकास्पद' ठरलं. दुसऱ्या अहवालवाल्यांनी काँक्रीट उघडं केलं होतं, पण कार्बोनेशन पाहिलं नव्हतं. आम्ही कोअर काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं, तर सळईच्या खोलीपर्यंत गुलाबी रंग आलाच नाही; कार्बोनेशन तिथवर पोहोचलं होतं. म्हणजे हॅमरचे चांगले आकडे वरच्या कडक सालीचे होते आणि आतली सळई संरक्षण गमावून बसली होती. त्या मोजणाऱ्यांच्या हाती कोणतंही यंत्र दिलं असतं, दोन्ही एकत्र दिली असती, तरी काय वेगळं झालं असतं?

पुढे दोन्ही बाजूंची बैठक झाली. मी मूळ नोंदी मागितल्या. कोणाकडेच नव्हत्या. मोजमाप कोणी घेतलं, असं विचारलं, तर उत्तर आलं, "आमच्या टीमने." आणि ज्या माणसाला तळव्याने हे सगळं कळलं होतं, त्याला त्या बैठकीत बसू दिलं नाही, कारण तो इंजिनिअर नव्हता. तो बाहेर व्हरांड्यात उभा होता. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. ते गृहस्थ आता निवृत्त झाले आहेत, आणि त्यांच्या हातून झालेल्या असंख्य चाचण्यांच्या एकाही अहवालावर त्यांचं नाव नाही.

हे त्या एका इमारतीपुरतं नाही. 14 मार्च 2019 ला मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला, माणसं गेली. त्याआधीच्या ऑडिटमध्ये तो पूल किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. त्यानंतर आपल्या परिसंवादांत नव्या यंत्रांवर पुष्कळ बोललं गेलं. ऑडिटच्या वेळी पुलाखाली प्रत्यक्ष कोण उभं राहिलं होतं, काय पाहून परतलं, हे विचारणारा मला भेटला नाही.

मला सांगितलं जातं की जबाबदारी सही करणाऱ्याची असते, खालच्या माणसाचं नाव घालून काय साधणार? सही करणारा त्या कॉलमपाशी गेलेलाच नसेल, तर तो जबाबदारी कशाची घेतो? शिवाय निविदेत दर पॉइंटमागे ठरतो, तोही सगळ्यात कमी बोलीचा. प्रत्येक जागी पुरेसे ठोके घ्यायचे, त्याआधी गिलावा फोडायचा, पृष्ठभाग घासायचा. त्या दरात हे होत नाही हे या सभागृहात प्रत्येकाला ठाऊक आहे, आणि आपण गप्प बसतो.

आज सायंकाळच्या सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडणार आहे. प्रत्येक अहवालाला मूळ नोंदी जोडाव्यात. मोजणाऱ्याचं नाव आणि सही, हॅमरचा कोन, पृष्ठभागाची अवस्था आणि हॅमर ऐरणीवर शेवटचा कधी तपासला ती तारीख त्यात असावी. तंत्रज्ञांसाठी मराठीतून अभ्यासक्रम आणि परीक्षा सुरू करावी. त्यासाठी समिती नेमू, बाकीचा तपशील ती ठरवील. ठरावाला विरोध होणार याची मला कल्पना आहे. विरोध करणाऱ्यांनी सभेत उभं राहून करावा. अनुमोदन देणार असतील त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटावं.