छातीतला कफ आणि घरचे हात



या व्यासपीठावरून साहित्य आणि इतिहास ऐकण्याची आपल्याला सवय. तेथे आज मी बेडक्याचा विषय घेऊन उभा आहे. कोणी नाक मुरडले तर माझी तक्रार नाही. पण या नाक मुरडण्यानेच पुष्कळ माणसांचे नुकसान झाले आहे, म्हणून तर हा विषय घेतला.

आपल्याकडे खोकणाऱ्या माणसाकडे लोक क्षयाच्या संशयाने पाहतात. घरातली म्हातारी रात्री पदराने तोंड दाबून खोकते, आलेला कफ गिळून टाकते, आणि सकाळी दवाखान्यात येऊन म्हणते, "डॉक्टरांनू, ह्यो खोकलो एकदाचो बंद करा." तिची मागणी आपल्याला रास्त वाटते. वस्तुतः खोकला हा तिच्या घरचा गडी आहे. त्याला कामावरून काढायचे नसते, काम नीट कसे करावे ते शिकवायचे असते.

आपली श्वासनलिका छातीत शिरली की दुभंगत जाते, फांदीला फांदी फुटावी तशी सुमारे तेवीस वेळा. या नळ्यांना आतून चिकट स्रावाचा पातळ थर असतो. धूळ त्यात अडकते आणि नळ्यांच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस तो थर सतत वर, घशाकडे लोटत राहतात. निरोगी माणूस तो दिवसभर नकळत गिळतो. धुराने हे केस लुळे पडतात, स्राव वाढतो, घट्ट होतो. मग पोफळीच्या बागेतला पाट पाल्याने तुंबावा तसा प्रकार होतो: साचलेल्या ठिकाणी जंतू वाढतात, सूज येते, नळी आणखी बिघडते, कफ आणखी साचतो.

धूर म्हटला की आपण विडीकडे बोट दाखवतो, आणि ते बरोबरच आहे. पण जन्मात विडीला हात न लावलेल्या बायकांना हा रोग होतो, तो चुलीने. भात उकडण्याच्या मोठ्या भांड्याखाली ओली लाकडे फुंकणाऱ्या बाईच्या छातीत काय गेले, याचा हिशेब कोणी ठेवला? पूर्वी क्षय होऊन बरी झालेली माणसेही यात येतात. जंतू मेले तरी त्यांनी पोखरलेल्या नळ्या कायमच्या रुंद आणि सैल राहतात व त्यांत कफाची डबकी साचतात. अशा रोग्याला 'तुझा टी.बी. बरा झाला' एवढे सांगून घरी पाठवणे म्हणजे अर्धेच काम करणे होय.

ही डबकी रिकामी करण्याची विद्या जुनी आहे. 1901 साली लंडनच्या विल्यम युअर्ट या वैद्याने रोग्याला विशिष्ट स्थितीत निजवून कफ उताराने वाहू द्यावा, असे मांडले. आपल्याकडे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात 1953 साली फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले, त्यामागे पोलिओची साथ होती. लुळे पाय हलवण्यासाठी आलेली ही विद्या छातीपर्यंतही पोहोचली. हाताची वाटी करून पाठीवर थोपटण्याची रीत आपण पाहिली असेल. ती टाकाऊ नाही, पण आज तिच्यावर पूर्वीइतकी भिस्त ठेवत नाहीत. रोग्याने स्वतः करण्याची रीत पुढे आली आहे.

ती अशी. खुर्चीवर आरामात बसावे, खांदे सैल सोडावेत, पोट हलेल असा शांत श्वास घ्यावा. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत तीन सेकंद थांबवून. या थांबण्यात मर्म आहे. कफाने बुजलेल्या नळीच्या पलीकडे शेजारच्या बारीक वाटांनी हवा शिरते, आणि बुचाला मागून रेटा मिळतो. पुन्हा शांत श्वास. मग तोंड उघडे ठेवून, चष्म्याच्या काचेवर वाफ सोडतो तसा 'हाऽऽ' करून श्वास जोराने बाहेर सोडावा, एकदा किंवा दोनदा. जोराचा खोकला सैल नळ्यांना दाबून मिटवतो आणि कफ मागेच राहतो. हा 'हाऽऽ' त्यांना उघड्या ठेवतो. कफ वर आला की मग खोकावे. फेरी पुन्हा सुरू करावी. दहा ते वीस मिनिटे, सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर लगेच नव्हे. डॉक्टरांनी श्वासनळ्या मोकळ्या करणारा फवारा दिला असेल तर तो आधी घ्यावा.

याने दमा बरा होतो किंवा फुप्फुस नवे होते, असे मी म्हणत नाही. विडीने आलेल्या रोगात याचा लाभ माफक, नळ्या रुंद झालेल्या रोगात अधिक. डोके खाली करून निजवण्याचा उद्योग तर घरच्या घरी करूच नये. हृदयरोग, रक्तदाब, आम्लपित्त असलेल्यांना तो बाधतो. कुशीवर सपाट निजूनही काम होते. कोणत्या कुशीवर, ते छाती तपासणाराच सांगेल. कफातून रक्त आले तर सगळे थांबवून दवाखाना गाठावा. आणि खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर आधी बेडका तपासून घ्यावा; सरकारी दवाखान्यात ती तपासणी मोफत होते.

राहिला घरच्या हातांचा प्रश्न. म्हातारीला हे एकटीने आठवत नाही, जमत नाही, लाज वाटते. कोणीतरी शेजारी बसावे लागते, "आये, आता थांब, आता सोड" म्हणावे लागते, झाकणाचे भांडे पुढे धरावे लागते. माझ्या अनुभवात उपचार फसतात ते येथे. एका घरातल्या शाळकरी नातवाने ही जबाबदारी घेतली, तो घड्याळ घेऊन बसायचा. आजी त्याला कंटाळली, पण तिच्या रात्री शांत जाऊ लागल्या.

अध्यक्षांच्या परवानगीने, ज्यांना हा 'हाऽऽ' करून पाहायचा असेल त्यांनी थोडा वेळ थांबावे. चष्मेवाल्यांनी पुढच्या बाकावर बसावे. काच हाताशी असलेली बरी.