प्रमाद, कायदा आणि रस्ता
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



मद्यपान करून वाहन चालविणे हा विषय जैन संस्थेच्या व्यासपीठावर कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. सप्तव्यसनांत मद्याची गणना होते. त्याचा त्याग श्रावकाला बालपणापासून शिकविला जातो. तथापि ज्यांनी मद्याला स्पर्शही केलेला नाही, त्यांचाही या विषयाशी निकटचा संबंध आहे.

तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना वाचक उमास्वातींनी प्राणहानीची सांगड प्रमादाशी घातली. श्वेतांबर परंपरेत मद्य, विषय, कषाय, निद्रा आणि विकथा असे प्रमादाचे पाच प्रकार मानले जातात. मद्याची धुंदी, चालकाला लागलेली पेंग, पुढे गेलेल्या गाडीवरचा क्रोध, वाहन चालविताना भ्रमणध्वनीवर चाललेल्या गप्पा ही त्यांचीच आजची रूपे होत.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ चा रोखही प्रमादावरच आहे. चालकाच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास, अपघात घडलेला नसला तरी तो गुन्हा ठरतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पुढच्या गुन्ह्यास हीच मर्यादा दोन वर्षे आणि पंधरा हजार रुपये अशी आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. मद्यामुळे चालकाचा पाय ब्रेकवर पडण्यास जो विलंब होतो, त्यात समोरच्याचा जीव जातो. कॉफीने किंवा थंड पाण्याने रक्तातील मद्य उतरत नाही. यकृत आपल्या गतीनेच त्याचा निचरा करते.

जैन आचारात पाप तीन प्रकारे घडते: कृत, कारित आणि अनुमोदित. याच अधिनियमाचे कलम १८८ या विचाराच्या जवळ येते. मद्य पिऊन वाहन चालविण्यास जो प्रोत्साहन वा साहाय्य देतो, त्यालाही चालकाइतकीच शिक्षा सांगितली आहे. प्यालेल्या मित्राच्या हाती किल्ली देणारा, लग्नाच्या वरातीतून परतताना नशेतील चालकाला गाडी काढायला लावणारा यजमान, यांनी हे ध्यानी घ्यावे. थकलेल्या चालकाला रात्रभर मालमोटार हाकायला लावणारा व्यापारीही धर्मदृष्ट्या कारिताच्या दोषातून सुटत नाही.

पूज्य साधू-साध्वी ईर्यासमितीचे पालन करीत, मुंगीही पायाखाली येऊ नये म्हणून भूमी पाहत विहार करतात. अशा विहारात महामार्गाच्या कडेला वाहनाची धडक बसून साधू-साध्वी कालधर्म पावल्याच्या घटना महाराष्ट्रात आणि गुजरातेत घडल्या आहेत. त्यांनी पाळलेली जयणा मागून येणाऱ्या चालकाच्या प्रमादापुढे निष्फळ ठरली. रस्त्यावरील अहिंसा एकट्याने पाळता येत नाही, ती दोघांनी पाळावी लागते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक नियम घ्यावा: मद्य घेतलेल्याच्या हाती वाहन देणार नाही, त्याच्या वाहनात बसणार नाही आणि त्याला जाऊही देणार नाही. संवत्सरीला सर्व जीवांची क्षमा मागितली जाते. परंतु रस्त्यावर ज्याचा प्राण गेला, तो क्षमा करण्यास उरत नाही. त्याच्या घरच्यांच्या दारी जाण्याची वेळ कोणावरही येऊ नये.

जय जिनेंद्र.