पाणी कुठून येतं? गेम मास्टर म्हणून माझं पहिलं वर्ष

वर्ष संपत आलंय, त्यामुळे आजचा भाग हिशेबाचा. पैशांचा नाही, घाबरू नका. या वर्षी मी पहिल्यांदा गेम मास्टर झाले. बारा महिने, जमेल तसे रविवार, चार खेळाडू, एक वही आणि छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या गच्चीवरची एक सतरंजी. या सगळ्यातून काय हाती लागलं आणि पुढच्या वर्षी काय करायचंय, ते आज सांगते.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी पटकन. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे गप्पा मारत खेळायचा खेळ. एक जण जग सांगतो, तो गेम मास्टर. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र होतात. 'मी भिंतीवरून उडी मारते,' असं तुम्ही म्हणायचं, मग फासा टाकायचा, आणि उडी जमली की तंगडी मोडली ते फासा ठरवतो. यातला सगळ्यात गाजलेला खेळ म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो अमेरिकेत १९७४ साली आणला. आणि हो, 'पुस्तकं महाग आहेत' ही सबब आता चालत नाही. २०२३ पासून त्याचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली फुकट मिळतात. वीस बाजूंचा फासा नसेल तर मोबाइलवर टाका. आम्ही सुरुवातीचे कितीतरी रविवार तसेच खेळलो.

आता मुद्द्यावर येते. नव्या गेम मास्टरला पहिला प्रश्न पडतो, जग कुठून सुरू करायचं? व्हिडिओ बघितलेत तर कोणी सांगतं देवांपासून करा, कोणी सांगतं पाच हजार वर्षांचा इतिहास लिहा, कोणी सांगतं आधी खंडांचा नकाशा काढा. मी एका साध्या प्रश्नापासून सुरू केलं. या गावात पाणी कुठून येतं?

हा प्रश्न आपल्या शहरात राहणाऱ्याला सुचणारच ना! नळाला पाणी काही दिवसांआड येणार, त्या दिवशी घरातलं कोणीतरी बाहेर जायचं रद्द करणार, टाकी, पिंप, हंडे, बादल्या सगळं भरून ठेवणार. पाण्याची वेळ हेच आपलं कॅलेंडर आहे. म्हटलं, हेच घेऊया.

आणि याच शहराच्या पोटात चारशे वर्षांपूर्वीचं एक उत्तर पडलेलं आहे. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी नावाच्या गावाजागी नवी राजधानी वसवायला घेतली. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा सर्वेसर्वा झालेला हा माणूस. त्याची नहर आपल्याला नावाने माहीत असते, पण ती चालते कशी ते बघा. उत्तरेकडच्या डोंगराच्या बाजूला जमिनीतलं पाणी गोळा करायचं, जमिनीखालच्या नळातून उताराने शहरात आणायचं. पंप नाही, इंजिन नाही, नुसता उतार. मध्ये मध्ये हवा खेळायला आणि माणूस उतरून साफसफाई करायला वर उघडणारी तोंडं. पाणचक्कीचं पाणीही असंच डोंगराकडून भूमिगत नळाने येतं, आणि त्याच्या जोरावर तिथं जातं फिरायचं.

आता हे गेम मास्टरच्या डोक्याने बघा. नहर आहे म्हणजे ती साफ करणारी माणसं आहेत. त्यांना आतले रस्ते माहीत, जे राजालाही माहीत नाहीत. नहर आहे म्हणजे पाणी आधी कुणाच्या हौदात पडतं आणि शेवटी कुणाच्या, हा वाद आहे. तोंडं उघडी आहेत म्हणजे पहारा आहे. पहारा आहे म्हणजे पहारेकऱ्याला चिरीमिरी आहे. एका प्रश्नातून व्यवसाय आले, भांडणं आली, गुपितं आली, आणि अजून मी एकही ड्रॅगन आणलेला नाही.

माझ्या खेळातल्या गावाचं नाव सातझरे. सात झरे, त्यातले तीन आटलेले. पहिल्याच सेशनला चौथा आटतो आणि चौघं नहरीच्या तोंडातून खाली उतरतात. डन्जन म्हणजे शेवटी भुयारच ना! फक्त इथं भुयार का आहे, कोणी खणलं, आत कोण येतं-जातं, हे सगळ्यांना आधीपासून कळतं.

भुयाराचा दुसरा धडा देवगिरीचा. शाळेच्या सहलीला आपण सगळे दौलताबादला जाऊन आलोय, 'अंधारी'त मुद्दाम किंचाळून आलोय. पुढच्या वेळी जाल तेव्हा तिथं हल्लेखोर म्हणून चाला. आधी तट, मग दरवाजे, मग खंदक, आणि मग तो डोंगरात कोरलेला काळोख. वळणं अशी की आपलाच माणूस शत्रू वाटावा. वरच्या तोंडाला आग पेटवून धूर आत कोंडायची सोय. तिथल्या प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी विचार केलाय, की येणारा माणूस आत्ता काय करेल? मी सातझऱ्यातला एकही सापळा या प्रश्नाशिवाय लावलेला नाही. खेळाडूंना तो बांधणाऱ्याचं डोकं वाचता येतं. वाचलं तर ते वाचतात, नाही वाचलं तर... फासे आहेतच.

तिसरी गोष्ट नावांची. आता हे जरा जपून बोलते, कारण आपल्याकडे नाव म्हटलं की आवाज चढतात. या शहराने किती नावं पाहिली बघा. खडकी. मग मलिक अंबरच्या मुलाने, फतेहखानाने ठेवलेलं फतेहनगर. मग १६५३ नंतर औरंगाबाद. मग कित्येक वर्षं लोकांच्या तोंडी असलेलं आणि २०२३ मध्ये सरकारी झालेलं छत्रपती संभाजीनगर. दरवाजेही बघा. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकई दरवाजा. म्हणजे शहर कुठे तोंड करून उभं होतं, ते दरवाजांची नावंच सांगतात.

खेळात याचा उपयोग काय? सातझऱ्याला मी दोन नावं दिली. वरच्या पेठेतले 'सप्तपूर' म्हणतात, नहर साफ करणारे 'सातझरे' म्हणतात. झालं! एखादं पात्र तोंड उघडतं आणि ते कुठल्या बाजूचं, हे पुढच्या वाक्याआधी समजतं. आमच्या एका खेळाडूने पहारेकऱ्यासमोर मुद्दाम 'सप्तपूर' म्हणून आख्खी टोळी आत नेली. फासा टाकायचीही गरज पडली नाही.

पण एक नियम आम्ही पहिल्या दिवशीच ठरवला. सतरंजीवर वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या देवाधर्मांची पोरं बसतात. त्यामुळे खरे राजे, खरे संत, खरे धर्म खेळात आणायचे नाहीत. इथलं पाणी घ्यायचं, दगड घ्यायचा, व्यापार घ्यायचा, उन्हाळा घ्यायचा, आणि माणसं आपली आपण घडवायची. या नियमामुळे आमची एकही दुपार इतिहासाच्या भांडणात गेली नाही. आणि गंमत म्हणजे, सत्ता, जात, पैसा, पाणी यावर आम्ही जितकं मोकळं सातझऱ्यात बोललो, तितकं एरवी कधीच बोललो नसतो.

आता या वर्षातलं सगळ्यात लक्षात राहिलेलं सेशन सांगते. गावाला पाणी हवं, तर वरच्या अंगाला बांध घालायचा, असा पेच मी टाकला होता. बांध घातला तर सातझरे वाचतं, पण वरचं एक वीस-पंचवीस घरांचं गाव बुडतं. मला वाटलं लढाई होईल, किंवा बांधवाल्या कारभाऱ्याला कोणीतरी ठोकेल. आमच्यातला एक जण, जो एरवी फक्त कुऱ्हाड चालवतो, तो म्हणाला, "थांब. देवळातल्या देवाचं काय करतात?"

मग एकेक सुरू झालं. चौकटी काढून नेता येतील का? विहिरीवरचा दगड? म्हातारी माणसं आधी की जनावरं आधी? जे पेरलंय त्याचं काय? तीन तास आम्ही एक गाव हलवत होतो. तलवार कुणीच काढली नाही.

त्याच्या आजीचं माहेर जायकवाडीच्या पाण्याखाली गेलंय. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पैठणचं धरण, नाथसागर, आपण पावसाळ्यात दरवाजे उघडले की बघायला जातो, रील काढतो. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली, १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. आज आपल्या नळाला जे पाणी येतं ते तिथूनच येतं. म्हणजे मी रोज सकाळी जो तांब्या भरते, त्याचं एक टोक कुणाच्या तरी आजीच्या अंगणात आहे. तो घरी गेला, आजीला विचारलं, आणि पुढच्या रविवारी कागदावर लिहून आणलं, कुणी काय काय सोबत नेलं होतं ते. जातं, उंबरठ्याचं लाकूड, देव. आम्ही ते सगळं जसंच्या तसं खेळात घेतलं. आजी आता दर आठवड्याला विचारते म्हणे, "त्या गावाचं पुढं काय झालं?"

म्हणून मला वाटतं, जग घडवणं म्हणजे पानं भरणं नव्हे. टेबलावर जे कुणीतरी ऐकलं, हातात घेतलं, त्यावरून प्रश्न विचारला, तेवढंच जग.

आणि हे मी नाही, पैठणची गोष्ट सांगते. पैठण म्हणजे जुनं प्रतिष्ठान. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात ही कथा आहे. सातवाहन राजाच्या दरबारी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एक पैज हरला आणि त्याने संस्कृत, प्राकृत, बोलभाषा, सगळं सोडलं. मग जंगलात राहून पैशाची भाषेत सात लाख श्लोकांची कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. तेव्हा गुणाढ्याने आग पेटवली, एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचं आणि आगीत टाकायचं. जनावरं चरायचं विसरून ऐकत उभी राहिली, पार वाळून गेली. राजाच्या ताटातलं मांस सुकं लागायला लागलं तेव्हा चौकशी झाली, राजा धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळाले होते. उरला एक लाख. तीच बृहत्कथा. आज ती मूळ पोथीही नाही, उरल्यात त्या तिच्यावरून लोकांनी पुन्हा सांगितलेल्या गोष्टी.

भारतातल्या एवढ्या मोठ्या अद्भुत कथांच्या खजिन्याचं मूळ आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर सांगितलं जातं, आणि आपण फँटसी म्हटलं की आधी बर्फाळ डोंगर आणि एल्फ शोधतो! असो. मी वर्षाअखेरीस माझी वही उघडली आणि टेबलावर जे जे आलं त्याला लाल गोल केला. जवळपास प्रत्येक गोल खेळाडूच्या एखाद्या प्रश्नाशेजारी होता. फरक एवढाच, की गुणाढ्याचे श्रोते उपाशी राहिले. आमचे ऐकता ऐकता भज्यांची अख्खी परात संपवतात.

तर आता पुढच्या वर्षीचे संकल्प. पाचच आहेत, म्हणजे पाळता येतील.

पहिला. प्रत्येक सेशनआधी एकच पान लिहायचं. त्यात असं काहीच नको, ज्याला त्या दिवशी कुणी हात लावू शकणार नाही.

दुसरा. खेळाची भाषा मराठी करायची. आता आम्ही 'पर्सेप्शन चेक टाक' म्हणतो. आपल्याकडे 'कानोसा घे' असताना? 'डिसेप्शन' म्हणजे थाप मारणे, 'पर्सुएशन' म्हणजे मनधरणी, 'इंटिमिडेशन' म्हणजे दरडावणे. आमच्या आयांचं या शेवटच्या कौशल्यात लेव्हल वीस आहे.

तिसरा. दर दोन महिन्यांनी एक खरी जागा बघायची, वही घेऊन. पाणचक्की, देवगिरी, खुलताबाद, वेरूळ, पैठण. वेरूळचं कैलास लेणं वरून खाली कोरत आणलंय. ज्यांनी ते केलं त्यांनी पहिला घाव घालताना कळस कुठे हे ठरवलेलं होतं. मला तिथं एक दिवस नुसतं बसायचंय.

चौथा. एक सेशन दुसऱ्याच्या हाती द्यायचं. गेम मास्टर तो, मी खेळाडू. सातझरे माझं एकटीचं नाही, हे मलाच तेव्हा नीट कळेल.

आणि पाचवा, जो जरा अवघड आहे. आमच्यातला एक जण जूनमध्ये पुण्याला नोकरीला चाललाय. हो, तोच, कुऱ्हाडवाला. व्हिडिओ कॉलवर खेळू म्हणतो, पण नोकरी लागली की रविवार कसे जातात ते आपल्याला माहीत आहे. तोवर त्या बुडालेल्या गावाची गोष्ट पुरी करायची. नवी वस्ती कुठे बसली, देव कुठे ठेवला, तिथं पाणी कुठून आलं. आजीला शेवट सांगायचाय. नुसतं 'पुढच्या सीझनला बघू' तिला चालणार नाही.

तुम्हीही सुरू करणार असाल तर या रविवारी एवढंच करा. तीन मित्र जमवा, एक फासा घ्या, आणि तुमच्या गल्लीत पाणी कुठून येतं ते घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा. आड होता का, हापसा होता का, रांगेत भांडणं कोणाची व्हायची. पहिल्या सेशनपुरतं जग त्यातच मिळेल.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात सातझऱ्यातल्या नहर साफ करणाऱ्यांची टोळी कशी तयार केली ते सविस्तर सांगते. भेटूच!