नकाशा आणि संकट

मी आयुष्यभर वर्गात नकाशे टांगले; परंतु नकाशाने प्राणही वाचतात, हे फार उशिरा उमगले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरचा प्रदेश हादरला. इकडे सोलापुरात आम्हीही जागे झालो. तिकडे गणपतिविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. सुमारे दहा हजार माणसे गेली, ती बहुतांशी दगडमातीच्या भिंती व जड माळवदे अंगावर कोसळून. कोणत्या गावी कशी घरे, हे जनगणनेच्या कागदांत असते खरे. पण ते नकाशावर उतरल्याविना धोका कोठे दाटला आहे, ते डोळ्यांस दिसत नाही.

संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणालीचे मर्म हेच. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे नदी, उंचसखल जमीन, घरे, रस्ते, दवाखाने यांचे थर ती जुळविते. उजनीतून भीमेत आणि वीर धरणातून नीरेत सोडलेले पाणी नरसिंगपुरी एकत्र होते. त्याने पंढरपुरातील कोणती घरे बुडतील व लोकांस कोणत्या वाटेने न्यावे, हे आधीच पाहता येते. उपग्रहावरील रडारला तर ढगांचाही अडसर नाही.

माझी शंका निराळीच आहे. जनगणनेचा थर गावची कायमची वस्ती सांगतो. आषाढीस मात्र चंद्रभागेच्या वाळवंटात व सभोवती लाखो वारकरी उतरतात. तेव्हा या दिवसांपुरता निराळा थर हवा, आणि कोणती दिंडी कोठे उतरते, हे दिंडीवाल्यांनाच विचारून तो भरावा लागेल.