बाबांची सायकल आणि फ्रीव्हीलचा आवाज

(मंडळाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यवाहांनी फोनवर विषय सांगितला, 'निवृत्तीनंतरचा छंद'. मी म्हटलं, माझा छंद एकाच सायकलीपुरता आहे, तेवढ्यावर वीस मिनिटं कोण ऐकणार? ते म्हणाले, सायकल घेऊनच या. म्हणून ती इथे डाव्या बाजूला उभी आहे. मुलांनी जरूर हात लावावा, पण चाक फिरत असताना चेनजवळ बोट नेऊ नका. ही सायकल 'फिक्स' आहे. चाक फिरतं तोवर चेन फिरते आणि पायडलही फिरतं. बोट अडकलं म्हणून ती थांबत नाही.

सायकल बाबांची. १९६१ साली त्यांनी ती जुनीच विकत घेतली, बडोदा सोडून चाललेल्या एका साहेबाकडून. रॅले कंपनीची, नॉटिंगहॅमची, बाकदार हँडलची. पुढच्या नळीवर बगळ्याचा बिल्ला आहे आणि पुढच्या मोठ्या चक्रात तीन बगळे कापून काढलेले आहेत, ते अजून जसेच्या तसे. बाबा कलाभवनात शिकलेले. कलाभवन म्हणजे काय, हे इथे कोणाला सांगायला नको. सयाजीरावांनी १८९० साली काढलेली ती संस्था आज विद्यापीठाची इंजिनियरिंगची शाखा आहे, तरी आपण अजून कलाभवनच म्हणतो. बाबा याच सायकलवर रोज कामाला जात, आणि हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पावागढला. जायचे सुमारे ५० किलोमीटर आणि तेवढेच परत. आई म्हणायची, देवीला नवस न बोलताच हे फेडायला जातात.

आमचं घर दांडिया बाजारातल्या एका वाड्यात होतं. बाबा गल्लीच्या तोंडाशी आले की पायडल मारायचं थांबवत आणि सायकल आपोआप आत येऊ देत. त्या वेळी फ्रीव्हील टिकटिक वाजायचं. तो आवाज ऐकला की आई चहाचं आधण ठेवायची आणि आम्ही भावंडं कॅरम आवरून पुस्तकं उघडायचो. हा आवाज लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भानगड त्याचीच आहे.

बाबा २०१६ साली गेले. सायकल जिन्याखाली होती. टायर कुजलेले, गादीचं चामडं फाटलेलं, कॉटर पिना गंजून घट्ट बसलेल्या. धाकटा भाऊ म्हणाला, भंगारवाल्याला देऊ. मी निवृत्त झाल्यावर ती बाहेर काढली तेव्हा माझी मुलगी म्हणाली, बाबा, आपण हिची फिक्सी करू. मला आधी तो शब्दच कळला नाही.

मग कळलं तेव्हा वाटलं, ही तर सायकलीची सगळ्यात जुनी तऱ्हा. फ्रीव्हील रुळण्याआधी सायकली अशाच असत. लाकडी किंवा सिमेंटच्या ट्रॅकवरच्या शर्यती आजही अशाच सायकलींवर होतात. रॅलेचं नाव १९५० च्या दशकात ज्या इंग्रज खेळाडूमुळे गाजलं, तो रेज हॅरिस, चार वेळा व्यावसायिक स्प्रिंटचा विश्वविजेता, तोही फिक्सवरच धावायचा. आणि फ्रान्समधल्या टूर शर्यतीत १९३७ पर्यंत गिअर बदलणाऱ्या डिरेलरला परवानगीच नव्हती. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन दातेरी चकत्या असत आणि घाटाच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरून चाक उलटं बसवत. हे वाचून मी हसलो होतो. नंतर तेच माझ्या उपयोगी पडलं.

खोलायला सुरुवात केली. कॉटर पिनांनी चार दिवस खाल्ले. रोज रात्री तेल सोडायचं, सकाळी ठोकायचं. शेवटी आमच्या मिस्त्रींनी क्रँकच्या खाली लोखंडी पाइपाचा टेकू दिला आणि एकाच घावात पीन बाहेर काढली. टेकूशिवाय ठोकलं की सगळा मार आतल्या छर्ऱ्यांवर बसतो, हे मला चार दिवस ठोकल्यावर कळलं. मुलीला बॉटम ब्रॅकेटसाठी नवीन तयार कार्ट्रिज हवं होतं. ते बसेना. रॅलेने आपल्या आट्या जगावेगळ्या ठेवल्या होत्या, इंचाला २६. बाकी इंग्रजी सायकलींना २४. म्हणजे जुनेच कप आणि जुनाच एक्सल धुऊन, नवे छर्रे आणि ग्रीस भरून परत लावायचे. मला यात आनंदच झाला.

आता माझी चूक सांगतो, कारण इथल्या कोणा तरुणाला हा खटाटोप करावासा वाटेल. फिक्सची दातेरी चकती जुन्या फ्रीव्हीलच्या हबवर घट्ट पिळून बसते. आट्या जुळतात, दिसतंही छान. मी तसंच केलं. पण फिक्सवर वेग कमी करायला पाय मागे रेटावे लागतात, आणि मागे रेटलं की चकती उलटी फिरून सुटायला बघते. खऱ्या फिक्स हबवर चकतीच्या बाहेर आणखी एक कडी असते, तिच्या आट्या डाव्या. चकती सुटू लागली की ती त्या कडीला आणखी आवळते. माझ्या हबला ती सोय नव्हती. रेल्वेच्या पुलाच्या उतारावर मी पाय मागे रेटले आणि पायाखालचा जोरच नाहीसा झाला. पुढचा ब्रेक होता, पण रस्ता ओला होता आणि चकचकीत पोलादी रिमवर ओला ब्रेक नुसता घसरतो. मी मेथीच्या हातगाडीवर जाऊन थांबलो. भाजीवाल्या मावशींनी आधी मेथी गोळा केली, मग माझी विचारपूस केली. मला त्यांचा राग आला नाही. गाडीवर तोल त्यांचा गेला नव्हता, माझा गेला होता.

त्यानंतर नवा हब मुंबईहून मागवला. त्याला ३६ भोकं. आपल्या जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात, त्यामुळे मागची रिमही बदलावी लागली. अॅल्युमिनियमची घेतली, २६ बाय १ ३/८, ओल्यात ब्रेक धरणारी. हब १० मिलिमीटर रुंद निघाला, म्हणून मागचा चिमटा आटे असलेल्या सळीने आणि नटांनी हळूहळू फाकवला. पोलाद परत थोडं मिटतं, म्हणून हवं त्याहून जरा जास्त न्यायचं. मिस्त्री बघत होते. म्हणाले, "साहेब, आ शुं करो छो?" पण शेवटचा नट त्यांनीच आवळला. पुढे बगळ्यांचं ४६ दात्यांचं चक्र, मागे १८. पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे ५.३ मीटर पुढे जाते. बडोद्याच्या सपाट रस्त्यांना हे पुष्कळ झालं.

रंगावरून मात्र घरात चक्क दोन तट पडले. बाबांनी १९७४ च्या दिवाळीत खिडक्यांना आणलेला हिरवा ऑइलपेंट उरला, तो सायकलला फासला होता. मुलीला नारिंगी रंग हवा होता. पुण्याहून ताई फोनवर म्हणाली, "हिरवा काढलास तर माझ्याशी बोलू नकोस." पण तो हिरवा पापुद्र्यांनी सुटत होता आणि खाली गंज धरला होता. ज्या सायकलीचा मूळ रंग शाबूत आहे, तिला नुसतं पुसून मेण लावावं, असंच माझं मत आहे. इथे तसं नव्हतं. पॉलिश पेपरने घासत गेलो तेव्हा खाली कारखान्याचा काळा लागला, काही ठिकाणी सोनेरी रेघेसह. आणि गादीखालच्या उभ्या नळीवर, हिरव्यावर पांढऱ्या अक्षरांत बाबांनी स्वतः लिहिलेलं नाव होतं. चोरी होऊ नये म्हणून लिहिलेलं, ड्रॉइंगवर लिहीत तशा सरळ, एकसारख्या अक्षरांत.

तिथे मी घासायचा थांबलो. पावडर कोटिंगचा विचारही सोडला. त्याला भट्टीत १८० ते २०० अंशांपर्यंत तापवतात, त्यात ती अक्षरं गेलीच असती. अक्षरांभोवती चार इंच टेप लावला आणि मोटारींना रंग देणाऱ्या एका गॅरेजमध्ये सांगाडा दिला. त्यांनी श्रावणात हात लावला नाही. हवेत ओल असली की रंगावर पांढुरकी साय धरते. नवरात्र उलटल्यावर आधी प्रायमर, मग काळा. रेघा पाट्या रंगवणाऱ्या एका जुन्या पेंटरांनी हाताने मारल्या, एका दमात, पट्टी न लावता. आता काळ्या सायकलीवर हिरवा चौकोन दिसतो. अनेक जण विचारतात, रंग कमी पडला का? ताईला फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर नाही. मग एकच ओळ आली, "अक्षर बाबांचंच आहे ना, गिरवलं नाहीस ना?" गिरवलेलं नाही.

पहिल्या दिवशी सायकलवरून घरी आलो. आई आता ८६ वर्षांची आहे, खिडकीजवळ बसलेली असते. मी आत येऊन तिच्यासमोर उभा राहिलो तरी ती बाहेरच बघत होती. म्हणाली, "तू कधी आलास? आवाज नाही आला." मग सायकलकडे बघून म्हणाली, "हिला आवाजच नाही."

बरोबर होतं. फ्रीव्हीलच्या आत छोटे खटके असतात, मिस्त्री लोक त्यांना कुत्रे म्हणतात. पाय थांबले की ते दात्यांवरून उड्या मारत जातात, ती टिकटिक. फिक्समध्ये ते नसतातच. मी गंज काढला, रेघा परत आणल्या, बाबांचं अक्षर वाचवलं, आणि जो आवाज घरातल्या प्रत्येकाच्या कानात होता तोच काढून टाकला. दोन महिने त्यावर काम करताना हे एकदाही डोक्यात आलं नाही.

जुनं फ्रीव्हील मी टाकलं नव्हतं. बिस्किटांच्या डब्यात रॉकेलमध्ये पडलं होतं. रॉकेल बदलून बदलून तीन दिवस ठेवलं, एक कुत्रा अडकला होता तो सुटला, वर पातळ तेल सोडलं. नवा हब दोन्ही बाजूंना आट्यांचा आहे, त्या टूरवाल्यांच्या चाकासारखा. एका बाजूला फिक्स, दुसरीकडे फ्रीव्हील बसतं. दोन्हीकडे दाते १८च, म्हणून चेन तोडावी लागत नाही. दोन नट सैल करायचे, चाक उलटायचं, चेन ताणून पुन्हा आवळायचं. पाच मिनिटांचं काम. पाय मागे रेटून वेग कमी करायची सोय त्या बाजूला नसते, म्हणून पुढचा-मागचा दोन्ही ब्रेक मी ठेवले आहेत. मुलीला मागचा नको होता. तिथे मी ऐकलं नाही.

आता शनिवारपर्यंत मुलगी फिक्सवर हिंडते. रविवारी मी चाक उलटतो, सुरसागराला एक फेरी मारतो आणि गल्लीच्या तोंडाशी पाय थांबवतो. आई काही बोलत नाही. आतून गॅसच्या लायटरचा आवाज येतो.

आज सायकल फिक्सच्या बाजूने आणली आहे, कारण ती दाखवायची होती. कार्यक्रमानंतर मैदानात कोणाला चालवून बघायची असेल तर सांगा, चाक उलटून देतो. पाना खिशातच आहे.